विज्ञान दिनाला नववीच्या पोरांना एआय आणि क्वांटम शिकवायचंय. संगणक सहाच चालतात. सुरुवात कुठून करू?

खडूची_भुकटी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक. आज गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

तालुक्याच्या गावी एका अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान-गणित शिकवतो. परवा मुख्याध्यापक कसल्याशा प्रशिक्षणाहून आले ते हुकूम घेऊनच. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आठवी-नववीसाठी 'उद्याचं संगणन' असा तास घ्यायचा. त्यात एआय हवं, क्वांटमही हवं. आणि पुढे परीक्षेपर्यंत दर शनिवारी एक जोडतास. "तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं, तुम्हीच घ्या." मला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणजे शाळेची माहिती सरकारच्या यू-डायस प्रणालीत मी भरतो, इतकंच.

प्रयोगशाळेत दहा संगणक, सहा सुरू होतात, यूपीएस गेलेला. लाइट गेली की तास संपला. नववीच्या पुस्तकात माहिती संप्रेषण तंत्रज्ञानाचा धडा आहे, त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. तिथून थेट क्वांटमला उडी कशी मारायची?

गेल्या वर्षी बाहेरून एक वक्ते आले होते. दोन तास पडद्यावर रोबोंच्या चित्रफिती. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काय लक्षात राहिलं? उत्तर आलं, "रोबो नाचला." ते मला परत करायचं नाही.

पोरं ऊस आणि दूध यांच्यावर चालणाऱ्या घरांतली. मोबाइल घरात आहे, पण वडील घरी आले की. त्यातल्या एकाने मागच्या बाकावरून विचारलं, "सर, एआयला सगळं येतं, मग आम्ही शिकायचं कशाला?" वर्ग हसला. मीही हसलो, कारण उत्तर नव्हतं.

---

हिंजवडीचा_सिग्नल

सर, पहिली विनंती: नावांची यादी देऊ नका. ब्लॉकचेन, मेटाव्हर्स, आयओटी असं फळ्यावर उतरवून पोरांकडून पाठ करून घेतलं, तर दोन वर्षांत ती यादी शिळी होते. मी याच धंद्यात आहे. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे ज्या शब्दाशिवाय एक मीटिंग होत नव्हती तो शब्द आज कुणी काढत नाही.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी आलं. त्याच्या पोटात जे चालतं त्याचा गाभा पुढचा शब्द ओळखणं हा आहे, आणि तो खडू-फळ्यावर दाखवता येतो. फळ्यावर लिहा, "पाऊस आला की..." आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर पुढचे दोन-तीन शब्द लिहायला सांगा. चिठ्ठ्या मोजा. तुमच्याकडे 'लाइट जाते' जिंकेल. हेच दादरच्या शाळेत केलं तर 'लोकल बंद' जिंकेल. यंत्र तेच, रीत तीच, चिठ्ठ्या कुणाच्या यावर उत्तर ठरलं. एवढं पोरांना कळलं तरी 'एआयला सगळं येतं' याला पहिली चीर गेली.

दुसरी गोष्ट मराठीपुरती. संगणकात इंग्रजी अक्षराला एक बाइट (साठवणीचं माप) पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन लागतात. 'शाळा' हा शब्द घ्या: श, काना, ळ, काना. चार चिन्हं, बारा बाइट. इंग्रजीतल्या 'स्कूल'ला सहा अक्षरं, सहा बाइट. त्यात शिकवायला वापरलेला मजकूर बहुतेक इंग्रजी, म्हणून सुरुवातीच्या एआय मॉडेलांत मराठी वाक्याचे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त तुकडे पडायचे, आणि तुकडे जास्त तितकं यंत्राचं काम जास्त. आता सुधारलंय. पण आपली भाषा यंत्राला महाग का पडते, हा हिशेब नववीच्या मुलाला येतो.

---

तिरका_पारा

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आठवीतल्या पोरांना हातच्याची वजाबाकी येत नाही आणि म्हणे क्वांटम. वरून हुकूम आला की शिक्षकांनी नाचायचं. फोटो काढा, अहवाल पाठवा, विषय संपवा.

---

खडूची_भुकटी

पारासाहेब, राग कसला, निम्मं खरं आहे. फोटो तर काढावेच लागतील. पण हातच्याची वजाबाकी न येणारं पोरगंसुद्धा उद्या त्याच मोबाइलवर पीक कर्जाचा अर्ज भरणार आहे. त्याला 'आधी वजाबाकी शीक, मग सांगतो' म्हणून थांबवता येत नाही.

सिग्नल, चिठ्ठ्यांचा खेळ उद्याच करून बघतो.

---

खतावणीतला_माणूस

मी बँकेतून निवृत्त. 'आम्ही शिकायचं कशाला' या प्रश्नावरून ८०चं दशक आठवलं, म्हणून थोडं अवांतर.

आमच्या शाखेत लेजर (खातेवह्या) हाताने लिहायचे. बॅलन्सिंगच्या रात्री पैशाचा फरक सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे. मग एक यंत्र आलं, त्याचं नाव 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. त्याला संगणक म्हणायची चोरी होती, कारण संघटनेचा संगणकाला विरोध आणि मीही त्या संघटनेत. मोर्चात घोषणा दिल्यात मी. नोकऱ्या जाणार, ही भीती खोटी नव्हती, पण ती आम्हाला वाटलं तशी खरी ठरली नाही. कुणाला काढलं नाही. माणूस निवृत्त झाला की त्याची जागा मात्र भरली नाही. मी लागलो तेव्हा शाखेत तेवीस माणसं होती, सोडताना सात. जे आत होते त्यांना झळ लागली नाही, जे दाराबाहेर रांगेत होते त्यांना लागली.

सर, मुलांना 'नोकऱ्या जातील' किंवा 'नव्या येतील' यांतलं एकच सांगू नका. त्यांच्याच घरातल्या आजोबांना विचारायला लावा, तुमच्या हातातलं कुठलं काम यंत्राने घेतलं आणि मग तुम्ही काय केलंत? टंकलेखनाच्या क्लासवाल्यांपासून चक्कीवाल्यापर्यंत गावात उत्तरं पडलेली आहेत.

---

चिंचोका

काका, सुरेख लिहिलंत.

सर, मी पूर्वी शिक्षिका होते, आता गावोगाव मुलांसोबत विज्ञानाचे खेळ करते. 'यंत्र शिकतं म्हणजे काय' हे संगणकाशिवाय शिकवायचा खेळ देते. साहित्य: चहाचे दहा कागदी पेले, लाल-पिवळे मणी, दहा चिंचोके. झालं.

आधी कूळ सांगते. १९६१ मध्ये डोनाल्ड मिची नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ३०४ काडेपेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुली-गोळा खेळणारं 'यंत्र' बनवलं होतं. संगणक हाताशी नव्हता म्हणून काडेपेट्या. ३०४ पेट्या शाळेत कुणी करत नाही, म्हणून मी खेळच छोटा घेते.

मध्ये दहा चिंचोके. पाळीपाळीने एक किंवा दोन उचलायचे. शेवटचा उचलेल तो जिंकला. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला पेले. पेल्यांवर १ ते १० आकडे घाला. प्रत्येकात दोन लाल, दोन पिवळे मणी. लाल म्हणजे एक उचल, पिवळा म्हणजे दोन. (१ च्या पेल्यात फक्त लाल, दोन उचलणार कुठून!) यंत्राची पाळी आली की जितके चिंचोके उरलेत त्या आकड्याच्या पेल्यात न बघता हात घालायचा. मणी निघेल तसं खेळायचं आणि तो मणी पेल्यासमोर ठेवायचा.

यंत्र जिंकलं तर सगळे मणी परत आत. हरलं तर त्याच्या शेवटच्या चालीचा मणी बाद, बाकीचे परत. पेला रिकामा सापडला तर यंत्राने हार मानायची आणि त्याच्या आदल्या चालीचा मणी बाद. एक डाव मुलांनी सुरू करायचा, पुढचा यंत्राने. नियम एवढेच. कुठला मणी चांगला, कुठला वाईट हे कुणी कुणाला सांगायचं नाही, तुम्हीही नाही.

पुढे काय होतं ते मुद्दाम लिहीत नाही. खेळून बघा आणि इथे येऊन सांगा.

---

पुंजका

क्वांटमचं मी घेतो, पोटापाण्याचा धंदा तोच आहे.

आधी एक योगायोग. विज्ञान दिन साजरा होतो तो १९२८ च्या २८ फेब्रुवारीच्या रमण परिणामासाठी. प्रकाशाचा कण रेणूवर आपटून थोडी ऊर्जा देऊन किंवा घेऊन निघतो आणि त्याचा रंग बदलतो. ही देवघेव ठरावीक मापांतच होते. म्हणजे दिवसच मुळी पुंजभौतिकीचा (क्वांटमलाच मराठीत पुंज म्हणतात) आहे, त्यामुळे क्वांटम 'घुसडायची' गरज नाही.

आता एक वाक्य जे फळ्यावर कृपया लिहू नका: "क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकाच वेळी काढतो." वर्तमानपत्रांनी हे इतकं छापलंय की खरं वाटायला लागलंय. क्युबिट (क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत छोटा घटक) शून्य आणि एक यांच्या मिश्र अवस्थेत असू शकतो हे खरं, पण मोजायला गेलात की एकच उत्तर हाती येतं, आणि नुसतंच मिश्रण केलं असेल तर ते उत्तर म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखं. खरी करामत वेगळी आहे. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना मारतील आणि बरोबर उत्तराच्या लहरी एकमेकींत मिळतील अशी मांडणी करायची. अशी मांडणी थोड्याच प्रश्नांना जमते. म्हणून हा संगणक तुमच्या घरचा संगणक हटवून तिथे बसणार नाही. व्हॉट्सॲप त्याने वेगात चालणार नाही.

त्या थोड्या प्रश्नांतला एक १९९४ मध्ये पीटर शॉरने दाखवला: मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडणं. वर्गात असं करा. ८९ गुणिले ९७ करायला सांगा, मिनिटात ८६३३ येईल. मग दुसऱ्या वर्गाला नुसतं ८६३३ द्या आणि अवयव विचारा. २, ३, ५, ७ करत मूळ संख्यांनी तेवीस भागाकार फुकट जातात, चोविसावा लागतो. वह्या भरू द्या, घाम येऊ द्या. मग सांगा की इंटरनेटवरची बरीचशी कुलपं, म्हणजे मजकूर गुप्त ठेवायच्या रीती, याच अडचणीवर उभी आहेत, फक्त तिथे संख्या सहाशेहून जास्त अंकी असते. तेवढी मोडणारा क्वांटम संगणक आज नाही. पण आज चोरून ठेवलेला कुलूपबंद मजकूर उद्या उघडता येईल या धास्तीने अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या धाटणीच्या कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली. (पारासाहेब, यात भागाकार आहे, वजाबाकी आपोआप होईल.)

आणि एक प्रयोग. पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्टीचे, तीन तुकडे हवेत. भंगारातला मोठ्या पडद्याचा कॅल्क्युलेटर घ्या, पडद्यावरची पुढची पट्टी सोलून तिचेच तीन तुकडे करा. मागच्या पट्टीला चंदेरी मुलामा असतो, ती घेऊ नका. दोन तुकडे एकमेकांना आडवे-उभे धरले की प्रकाश बंद. आता तिसरा तुकडा त्या दोघांच्या मध्ये तिरका सरकवा. अंधारात अजून एक अडथळा घातला आणि प्रकाश आला! नेमका ४५ अंशांत धरला तर आदर्श पट्ट्यांतून मूळ प्रकाशाचा आठवा हिस्सा येतो. 'मोजणं' म्हणजे नुसतं बघणं नाही, मोजल्याने वस्तूची अवस्था बदलते, हे यापेक्षा स्वस्तात दाखवता येत नाही.

पैशांचंही सांगतो, कारण पोरं विचारतात. भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ६००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत, लक्ष्य ५० ते १००० क्युबिटचे संगणक. चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचं केंद्र आपल्या पवईला, आयआयटी मुंबईत.

---

सव्वाशेर

पुंजकासाहेब, नाक खुपसतो. तीन पोलरॉइडचा प्रयोग लहरींच्या एकोणिसाव्या शतकातल्या गणितानेही तंतोतंत सुटतो. त्यात पुंज काही नाही.

---

पुंजका

बरोबर, शंभर टक्के. टॉर्चच्या झोतापुरतं मॅलसचा नियम (पट्टी किती वळवली की किती प्रकाश जातो याचा) पुरतो. तोच प्रयोग एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण) सोडून केला की अर्धा फोटॉन कधीच येत नाही, येतो किंवा येत नाही, आणि तिथे गंमत सुरू होते. सर, कुणी हुशार पोरगी अडवील तर असंच सांगा. लपवू नका.

---

लेस्टरची_माई

इकडचा अनुभव थोडक्यात. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाचव्या वर्षापासून कम्प्युटिंग सक्तीचं झालं, आधीचा वर्ड-एक्सेलवाला विषय गेला. २०१६ मध्ये सातवीच्या मुलांना तळहातात मावणारा मायक्रोबिट नावाचा छोटा संगणक फुकट वाटला. माझ्या लेकाने त्यावर पावलं मोजायचं यंत्र केलं, आठवडाभर मिरवलं, मग तो खणात गेला. ज्या वर्गात बाईंना स्वतःला मजा येत होती तिथली मुलं पुढेही खेळत राहिली. बाकी यंत्रं खणात. तुमच्याकडे सहाच संगणक आहेत याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

---

उसाचं_पाचट

सर, पोरं उसाची आहेत म्हणता, तर बारामतीचं उदाहरण घ्याच. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीने उसावर एआयचा प्रयोग चाललाय. उपग्रहाची चित्रं, रानातलं हवामान केंद्र, जमिनीतली ओल मोजणारे संवेदक, आणि त्यावरून मोबाइलवर निरोप: पाणी द्या, खत थांबवा.

मी शेतकरी आहे, आमच्या भागातही यावर चर्चा असते. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो पोरांनीही विचारावा. माझ्या रानाची माहिती जमा झाली, ती कुणाची? कारखान्याला माझा ऊस किती टन भरणार हे माझ्याआधी कळलं तर? आमचं वजनकाट्यावरचं भांडण अजून मिटलं नाही.

---

तिरका_पारा

पाचटराव, हा प्रश्न मात्र लाखाचा.

---

खडूची_भुकटी

मंडळी, अहवाल द्यायला आलो. उशीर झाला, मध्ये दहावीच्या परीक्षेचं पर्यवेक्षण होतं.

चिठ्ठ्यांचा खेळ: 'पाऊस आला की...' ला त्रेचाळीसपैकी एकोणीस चिठ्ठ्या 'लाइट जाते'. सिग्नल, तुम्ही जिंकलात. एका चिठ्ठीवर 'आई पत्र्यावर चढते' होतं. मी विचारलं, यंत्र हे उत्तर कधी देईल का? पोरं म्हणाली, नाही सर, एकच चिठ्ठी आहे. जिची ती चिठ्ठी होती ती म्हणाली, "पण आमच्याकडे खरं तेच आहे." मी पुढे काही बोललो नाही, थोडा वेळ वर्गही बोलला नाही.

८६३३ ला बारा मिनिटं लागली. दोघांनी मोबाइल आणू का विचारलं.

पोलरॉइड: भंगारवाल्याने कॅल्क्युलेटर दहा रुपयांना दिला. पट्टी सोलताना माझं नख गेलं. विज्ञान दिनाला, सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून, टॉर्चसमोर तिसरा तुकडा सरकवला तेव्हा जो आवाज झाला तो रोबो नाचल्यावर झाला नव्हता. सव्वाशेर, तुमची शंका कुणी काढली नाही. मीच काढली आणि मीच पुंजकांचं उत्तर दिलं, घसा बसेपर्यंत.

आता चिंचोके. ताई, तुम्ही पुढचं सांगितलं नाहीत ते फार बरं केलंत. मणी बायकोच्या तुटलेल्या माळेचे. पहिल्या शनिवारी यंत्र सपाटून हरत होतं, पोरं त्याला 'ढ' म्हणत होती. एक जण पेल्यांना समजावून सांगायला लागला. मग ३ चा पेला रिकामा झाला. नंतर ६ चा. दुसऱ्या शनिवारी यंत्राने सलग चार डाव जिंकले आणि वर्ग चिडला. ९ च्या पेल्यातला शेवटचा मणी बाद झाला तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली: "सर, तीनचा पाढा!" ३, ६, ९ उरले आणि पाळी तुमची असली तर समोरचा चुकल्याशिवाय सुटका नाही. हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं, मलाही नीट माहीत नव्हतं, आणि तीनचा पाढा त्या पेल्यांना अजूनही येत नाही. पेले नुसते रिकामे आहेत. मागच्या बाकावरच्या त्या पोराला मी विचारलं, आता सांग, याला 'येतं' म्हणायचं का? तो म्हणाला, "याला जिंकता येतं सर. का जिंकतं ते आपल्याला कळतं." त्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण खरी पंचाईत पुढे झाली. शेवटची पंधरा मिनिटं उरली होती, म्हणून मी नियम उलटा केला. शेवटचा चिंचोका उचलेल तो हरला. तेच पेले, तेच मणी. यंत्र पार कोसळलं. दोन उरले असताना दोन उचलून स्वतःच हरायचं. जो मणी आता उपयोगी पडला असता तो आम्ही मागच्याच आठवड्यात बाद केलेला. तीच तिसऱ्या बाकावरची म्हणाली, "सर, याला विसरायला कसं शिकवायचं?"

घंटा झाली. ताई, काय सांगू तिला?

---

हिंजवडीचा_सिग्नल

सर, हा प्रश्न आमच्याकडे माणसं पगार घेऊन सोडवतात आणि सुटत नाही. जुन्या माहितीवर शिकलेलं मॉडेल, बाहेर नियम बदलले, आणि ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकतंय. खतावणी काकांच्या दाराबाहेरच्या रांगेचंही तेच, भरतीची छाननी जुन्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राकडे दिली तर जुनाच भेदभाव नव्याने सुरू.

---

चिंचोका

तिला सांगा, मिचीने बाद करण्याबरोबर बक्षीसही ठेवलं होतं. जिंकलं की ज्या चाली केल्या त्या रंगाचे तीन-तीन मणी जास्त, बरोबरीला एक, हरलं की एक कमी. शिवाय माझ्याकडून एक नियम: कुठल्याही पेल्यात प्रत्येक रंगाचा एक तरी मणी राहू द्यायचा, काही झालं तरी. मग ते हळू शिकेल, अधूनमधून मूर्खासारखं हरेल, पण नियम उलटला तर सावरेल. किती हळू, ते तिलाच मोजू द्या. दोन गट करा, एकाचे पेले जुन्या नियमाचे, दुसऱ्याचे नव्या.

---

खतावणीतला_माणूस

दोन गट असतील तर डावांची नोंद वहीत ठेवायला लावा. तारीख, डाव क्रमांक, कोण जिंकलं, कुठल्या पेल्यातून कुठला मणी गेला. खतावणी कशी आखायची ते हवं तर मी फोटो काढून पाठवतो.

---

खडूची_भुकटी

काका, पाठवाच. ताई, बक्षिसाला मणी पुरणार नाहीत, माळ संपली. गुरुवारी आमचा बाजार असतो, तिथून पाव किलो आणतो. मुख्याध्यापक विचारत होते, पुढच्या शनिवारी नवीन विषय कुठला घेणार. म्हटलं, पेलेच.